जुना रॅक सर्व्हर, जुना डेस्कटॉप की तयार नॅस: खानदेशातल्या घरासाठी तुलनात्मक आढावा

मोठ्या कंपन्या आपली डेटा सेंटरमधील यंत्रे काही वर्षांनी बदलतात, आणि तेथून निघालेले रॅक सर्व्हर, म्हणजे लोखंडी चौकटीत आडवे सरकवून बसवायचे मोठे संगणक, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, बंगळुरूच्या एस. पी. रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये विक्रीला येतात. डेलचा पॉवरएज आर७२० किंवा एचपीचा प्रोलायंट डीएल३८०पी जेन८ ही २०१२ सालची यंत्रे आज या बाजारात सर्रास दिसतात. दोन झिऑन प्रोसेसर, ६४ जीबी किंवा त्याहून अधिक ईसीसी (चूक ओळखून सुधारणारी) रॅम, समोरून ओढून काढता येणारे डिस्कचे कप्पे आणि एक बंद पडला तरी दुसऱ्यावर चालणारे दोन पॉवर सप्लाय, एवढे सगळे साध्या मोबाइलच्या भावात मिळत असेल तर घरचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि दुकानाचे हिशेब एका जागी ठेवू पाहणाऱ्या माणसाला मोह होणे स्वाभाविक आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील घरांसाठी हा आढावा लिहिताना रॅक सर्व्हरची तुलना दोन पर्यायांशी केली आहे. पहिला पर्याय म्हणजे एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, ज्यात नव्या डिस्क बसवून ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्टसारखी मोफत प्रणाली टाकता येते. दुसरा म्हणजे सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या कंपन्यांची दोन किंवा चार डिस्कची तयार नॅस पेटी, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांनी वापरायची साठवणुकीची पेटी. माझे मत आधीच सांगतो. चोवीस तास चालू ठेवण्याचे यंत्र म्हणून रॅक सर्व्हर इकडच्या बहुतेक घरांना परवडणारा नाही, आणि याचे कारण त्याच्या किमतीत नसून वीजबिलात आणि वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात आहे. तरीही तो घेऊच नये असे मी म्हणणार नाही, कारण त्याचा एक उपयोग असा आहे ज्यात तो बाकी दोघांपेक्षा सरस ठरतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आधी गरज किती आहे ते मोजावे. चार-पाच माणसांच्या घरातील दहा-बारा वर्षांचे मोबाइलचे फोटो आणि व्हिडिओ बहुधा एक-दोन टीबीत मावतात, म्हणजे ४ टीबीच्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल म्हणून लावल्या की पुढच्या कित्येक वर्षांची सोय होते. अमळनेर किंवा चोपड्यासारख्या गावात लग्नाचे चित्रण करणाऱ्या स्टुडिओचे गणित मात्र निराळे असते. ४के चित्रण १०० मेगाबिट प्रति सेकंद वेगाने होत असेल तर एका कॅमेऱ्याचा एक तास सुमारे ४५ जीबी घेतो. तीन कॅमेरे प्रत्येकी पाच तास चालले तर एकाच लग्नाचे पावणेसातशे जीबी होतात, आणि आखाजीनंतर तिथी लागोपाठ असल्या की महिनाभरात दहा टीबी सहज भरतात. पहिल्या घराने रॅक सर्व्हरचा विचार करण्याचे कारणच नाही. दुसऱ्याने तो जरूर करावा, पण खालचा हिशेब वाचून.

विजेचा हिशेब

यंत्र वर्षभर अखंड चालले तर त्याने घेतलेल्या प्रत्येक वॉटमागे वर्षाला ८.७६ युनिट होतात. दोन प्रोसेसरचा आर७२०, त्यात सहा-आठ डिस्क, आणि काम काहीच नाही, अशा स्थितीत तो साधारण १०० ते २०० वॉट घेतो. आपण १५० धरू. दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८ युनिट झाले. चौथ्या ते आठव्या पिढीतील आय५ प्रोसेसरचा डेस्कटॉप दोन डिस्कसह ३० ते ५० वॉटमध्ये बसतो, म्हणजे दिवसाला जेमतेम एक युनिट. दोन डिस्कची तयार पेटी १५ ते २० वॉट घेते, म्हणजे महिन्याला तेरा-चौदा युनिट.

महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपुढे, ३०० युनिटांपुढे आणि ५०० युनिटांपुढे दर चढत जातो, आणि त्यावर वहन आकार व वीज शुल्क वेगळे लागते. त्यामुळे सर्व्हरचे १०८ युनिट घराच्या सरासरी दराने मोजणे चुकीचे आहे. ते नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यात पडतात. उन्हाळ्यात २२० युनिट वापरणारे घर सर्व्हरमुळे ३२८ वर जाते आणि शेवटचे २८ युनिट पुढच्या, महाग टप्प्यात मोजले जातात. हिशेब सोपा जावा म्हणून सगळे आकार धरून युनिटला बारा रुपये मानले, तर सर्व्हर महिन्याला सुमारे तेराशे रुपये, डेस्कटॉप साडेतीनशे आणि तयार पेटी दीड-पावणेदोनशे रुपये खाते. सर्व्हर आणि पेटी यांतील वर्षाचा फरक साडेतेरा हजारांच्या आसपास येतो. याचाच अर्थ, जी पेटी घेताना महाग वाटली म्हणून आपण सर्व्हरकडे वळलो, तिची किंमत सर्व्हर दोन-अडीच वर्षांत वीजबिलातून वसूल करतो, आणि त्यापुढेही बिल येतच राहते. स्वतःच्या बिलावरचा वरच्या टप्प्यातील दर पाहून हे गणित प्रत्येकाने पुन्हा मांडावे. आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

हा खर्च थोडा कमी करता येतो. दोनपैकी एक पॉवर सप्लाय काढून ठेवला तर काही वॉट वाचतात, आणि एक प्रोसेसर काढला तर आणखी वीस-तीस वॉट. मात्र त्या प्रोसेसरला जोडलेले रॅमचे आणि विस्तार कार्डांचे स्लॉट त्याबरोबर निकामी होतात, म्हणून कोणते कार्ड कुठे बसवायचे हे आधी पाहावे. एवढे करूनही तो शंभरच्या फार खाली येत नाही, कारण त्याचे पंखे, मदरबोर्ड आणि दूरनियंत्रणाची चिप ही सगळी व्यवस्था डेटा सेंटरच्या दृष्टीने घडवलेली असते, जिथे शंभर वॉट कोणी मोजत नाही.

गच्चीवर सोलर पॅनेल असणाऱ्यांचे गणित वेगळे पडते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला चारेक युनिट देते. म्हणजे सर्व्हर जवळजवळ एक किलोवॉटचे अख्खे उत्पादन एकटा गिळतो. नेट मीटरिंगमध्ये युनिट शिल्लक राहत असतील तर हा खर्च जाणवत नाही. पण तीच शिल्लक पुढे एसी किंवा पिठाच्या छोट्या चक्कीसाठी लागणार असेल तर ती आत्ताच सर्व्हरच्या पदरात टाकू नये.

उन्हाळा आणि धूळ

पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या सल्ल्यांत ज्या गोष्टीचा उल्लेख नसतो, ती म्हणजे जळगाव-भुसावळचा मे महिना. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पश्चिमेकडच्या खोलीत, वर स्लॅब तापलेला असताना, संध्याकाळी सात वाजताही ३८-४० अंश सहज असतात. डेलच्या या पिढीतील सर्व्हरसाठी आतल्या हवेची नेहमीची मर्यादा १० ते ३५ अंश आहे. त्याहून वर तो मोजक्या तासांसाठी आणि काही अटींवरच चालवायचा असतो. सिनॉलॉजीच्या छोट्या पेट्यांची मर्यादा ४० अंश आहे. नॅससाठी बनवलेल्या डिस्क स्वतः ६० अंश किंवा थोडे अधिक सोसतात, परंतु खोलीच ४० वर असेल तर बंदिस्त पेटीत एकमेकींना चिकटून बसलेल्या डिस्कना त्या रेषेपर्यंत जायला फार वेळ लागत नाही. थोडक्यात, तिन्ही पर्यायांपैकी एकही इकडच्या वरच्या मजल्यावरील बंद खोलीसाठी बनवलेला नाही.

या कसोटीवर सर्व्हरच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. त्याचे सहा पंखे डिस्कांमधून आणि प्रोसेसरवरून सरळ रेषेत हवा ओढतात, आणि त्यामुळे तापलेल्या खोलीतही डिस्कचे तापमान खोलीच्या हवेपेक्षा फार वर जात नाही. तयार पेटीत एक-दोन छोटे पंखेच असतात. जुन्या डेस्कटॉपात तर डिस्कचा पिंजरा पुष्कळदा हवेच्या वाटेबाहेर असतो, आणि समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा लावल्याशिवाय त्यात दोनपेक्षा जास्त डिस्क ठेवू नयेत. उलट बाजू अशी की सर्व्हर घेतलेले दीडशे वॉट उष्णतेच्या रूपाने त्याच खोलीत परत टाकतो, आणि खोली तापली की पंख्यांचा वेग वाढून वीज आणखी लागते.

कूलरविषयी स्वतंत्रपणे सांगावे लागते, कारण खानदेशात उन्हाळ्यात कूलर नसलेले घर विरळाच. कूलरची हवा थेट यंत्रावर सोडणे ही स्वस्त युक्ती वाटते, पण ती अपायकारक आहे. डेलच्या या सर्व्हरना हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंतच चालते, आणि खिडक्या लावून कूलर चालवलेल्या छोट्या खोलीत ती त्यापुढे जाऊ शकते. शिवाय बोअरच्या जड पाण्याचा जो पांढरा थर कूलरच्या गवतावर बसतो, त्याच पाण्याचे बारीक तुषार हवेबरोबर पुढे जातात आणि धुळीत मिसळून बोर्डवर चिकटतात. कूलर ज्या खोलीत चालतो तिच्या शेजारच्या खोलीत, दाराच्या उंबऱ्याजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर यंत्र ठेवणे त्यातल्या त्यात बरे. ज्यांच्याकडे अजून धाब्याचे जुने घर आहे त्यांची मधली खोली दुपारीही बरीच थंड असते. तिथे फक्त वरून गळणाऱ्या मातीचा बंदोबस्त करावा लागतो, आणि त्यासाठी यंत्रावर कापड न टाकता वर हातभर अंतरावर फळी मारावी, म्हणजे हवाही अडत नाही.

रॅक सर्व्हरला धूळ गाळणारी जाळी नसते, कारण ज्या खोलीसाठी तो बनला तिथली हवा आधीच गाळलेली असते. कापसाच्या जिनिंगजवळ, डाळ मिलच्या वाऱ्यात किंवा कच्च्या रस्त्याच्या कडेला घर असेल तर महिन्या-दीड महिन्याने ब्लोअरने समोरून मागे हवा मारणे अटळ आहे. रिकामे डिस्कचे कप्पे आणि मागच्या रिकाम्या कार्डांच्या फटी झाकणाने बंद ठेवाव्यात. हवेची वाट बिघडू नये हे तर त्याचे कारण आहेच, पण पाल हे दुसरे कारण आहे. थंडीत उबेला आत शिरलेली पाल पॉवर सप्लायच्या तोंडाशी भाजून निघालेली मिळते, आणि अशा वेळी बहुधा पॉवर सप्लायही गेलेला असतो.

लाइट जाते तेव्हा

बारा व्होल्टची १५० अँपिअर-अवर बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर देते. इन्व्हर्टरमधील घट आणि बॅटरीचे वय धरले तर हाताशी १,२०० राहतात असे मानावे. दोन जुने पंखे आणि तीन-चार दिवे मिळून १८० वॉट घेत असतील तर ही बॅटरी साडेसहा तास पुरते. त्यात सर्व्हरचे १५० वॉट मिळवले की ती साडेतीन तासांत संपते. मे महिन्याच्या रात्री डीपी जळाली आणि घरातले पंखे तीन तास आधी थांबले, तर स्टोरेजची महती घरच्यांना पटवून देणे अवघड जाईल. डेस्कटॉप किंवा तयार पेटीने हा फरक तासाभराच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतो.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर सर्व्हरचे आणि नव्या डेस्कटॉपचे पॉवर सप्लाय कुरकुर करतात किंवा सरळ बंद पडतात. पुष्कळ घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, ज्याच्या एका बाजूला ईको आणि दुसऱ्या बाजूला यूपीएस असे लिहिलेले असते. तो यूपीएसच्या बाजूला असेल तरच लाइट गेल्यावर बदल इतक्या झटकन होतो की संगणक पुन्हा सुरू होत नाही. मात्र इन्व्हर्टर आपली बॅटरी संपत आल्याचे यंत्राला कळवू शकत नाही. त्यासाठी यूएसबी वायरने जोडता येणारा छोटा यूपीएस मध्ये हवा. तयार पेट्या तो आपोआप ओळखतात, आणि ट्रूनॅसमध्ये व ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये नट नावाचा प्रोग्राम वापरून बॅटरी उतरत आली की यंत्र नीट बंद करता येते. दीडशे वॉटच्या सर्व्हरला पेलणारा यूपीएस अर्थातच पेटीच्या यूपीएसपेक्षा मोठा आणि महाग लागतो.

शेतीपंप चालू असताना गावात व्होल्टेज उतरते, त्याची मात्र चिंता नको. सर्व्हरचे बहुतेक पॉवर सप्लाय आणि तयार पेटीचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. जुन्या डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायवर काय छापले आहे ते वाचून घ्यावे, कारण काहींची मर्यादा २०० व्होल्टपासून सुरू होते. अर्थिंगकडे दुर्लक्ष होते ते वेगळ्या कारणाने: आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतणे हे कोणत्याही महागड्या सर्ज प्रोटेक्टरइतकेच गरजेचे आहे.

डिस्क, कार्ड आणि जुनी सवय

रॅक सर्व्हर घेताना सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. विक्रेता पुष्कळदा ६०० जीबीच्या आठ एसएएस (सर्व्हरसाठीच्या वेगळ्या जोडणीच्या) डिस्क बरोबर देतो आणि त्या फुकट मिळाल्यासारख्या वाटतात. आठ डिस्कची बेरीज ४.८ टीबी होते. दोन डिस्क गेल्या तरी माहिती वाचावी अशी रेडझेड-२ मांडणी केली तर हाती ३.६ टीबी उरतात. म्हणजे मिनिटाला दहा हजार फेरे घेणाऱ्या आठ वयस्क, गरम डिस्क मिळून एका नव्या ४ टीबी डिस्कइतकीही जागा देत नाहीत. त्या परत करून किंमत कमी करून घेणे उत्तम. एसएएस कार्डावर घरगुती संगणकाच्या साध्या साटा डिस्क चालतात, पण एसएएस डिस्क डेस्कटॉपच्या साटा पोर्टवर चालत नाही, हेही लक्षात असावे. उद्या सर्व्हर मोडीत काढला तर त्या डिस्क घरात दुसरीकडे कुठेच बसत नाहीत. मोठ्या स्टोरेज संचातून काढलेल्या काही डिस्क ५२० बाइटच्या सेक्टरने फॉरमॅट केलेल्या असतात आणि त्या ५१२ वर आणल्याशिवाय नेहमीच्या प्रणालीला वापरता येत नाहीत.

दुसरा मुद्दा रेड (RAID) कार्डाचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र करून एकच डिस्क म्हणून दाखवणाऱ्या कार्डाचा. ट्रूनॅस ज्या झेडएफएस फाइल प्रणालीवर चालते, तिला प्रत्येक डिस्क थेट दिसावी लागते. आर७२० मध्ये बहुधा येणारे पर्क एच७१० कार्ड डिस्क स्वतःच्या ताब्यात ठेवते. त्यावर फर्मवेअर बदलून ते डिस्क थेट दाखवणाऱ्या साध्या एचबीए कार्डासारखे वागवता येते किंवा एलएसआय ९२११-८आय सारखे वेगळे कार्ड बसवता येते. परंतु बाहेरचे कार्ड दिसताच डेलचा सर्व्हर काळजीपोटी पंख्यांचा वेग वाढवतो आणि तो दूरनियंत्रणाच्या चिपला आयपीएमआय पद्धतीच्या आज्ञा देऊन उतरवावा लागतो. एचपीच्या यंत्रांतही बाहेरच्या कार्डांमुळे पंखे चढल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. त्याआधीच्या पिढीतील आर७१० आणखी स्वस्त मिळतो, पण त्याच्याबरोबर येणारे पर्क ६/आय कार्ड २ टीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखत नाही, म्हणून त्या वाटेला न गेलेले बरे.

नव्या डिस्क कुठल्याही पर्यायात लागणारच आहेत, आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांचाच असतो. त्या सीएमआर (माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणाऱ्या) प्रकारच्या आहेत याची खात्री करावी. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतील काही डिस्क न सांगता एसएमआर (पट्टे अंशतः एकमेकांवर चढवणाऱ्या) तंत्राच्या निघाल्या होत्या, आणि त्यानंतर सीएमआर डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या केल्या गेल्या. एसएमआर डिस्क एकटी असताना बरी चालते. संचातील बिघडलेली डिस्क बदलून माहिती पुन्हा भरायची वेळ आली की ती भयंकर रेंगाळते.

ईसीसी रॅम हा सर्व्हरचा खरा वरचढपणा आहे. ती झेडएफएसला अनिवार्य नाही, पण रॅममध्ये उलटलेला एखादा बिट डिस्कवर जाण्याआधी ती पकडते, आणि साध्या आय५ डेस्कटॉपात ही सोय नसते. हीच सोय कमी आवाजात हवी असेल तर डेलचे टी३२० सारखे उभे सर्व्हर, एचपीचा झेड४४० सारखा वर्कस्टेशन किंवा चार डिस्कचा मायक्रोसर्व्हर जेन८ शोधावा. रॅक सर्व्हरच्या मागे लागलेल्यांपैकी पुष्कळांना प्रत्यक्षात याच यंत्रांची गरज असते.

वेगाच्या बाबतीत घरगुती वापरात तिघेही सारखेच. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मर्यादा येते आणि ती साध्या दोन डिस्कही गाठतात. इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतील, जे इकडे सर्रास आढळते, तर १ टीबी माहिती टाकायला पूर्ण दिवस लागेल. तीच गिगाबिट स्विचवर अडीच-तीन तासांत जाते. सर्व्हर बदलण्याआधी असा गिगाबिट स्विच लावावा.

आवाज आणि जागा

सुरू होताना रॅक सर्व्हरचा आवाज चक्कीचा पट्टा चढवल्यासारखा वाटतो. मिनिटाभरात तो उतरतो, पण हवा ३५ अंशांवर गेली की पुन्हा चढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातले लोक गच्चीवर झोपायला गेलेले असतात आणि गल्ली इतकी शांत असते की खालच्या खोलीतला पंखा वर ऐकू येतो. एक यू उंचीची (यू हे रॅकमधील उंचीचे माप) यंत्रे तर घरात आणूच नयेत. त्यांचे छोटे पंखे आणखी कर्कश असतात. दोन यू सर्व्हर सुमारे ९ सेंटिमीटर उंच, ४८ रुंद आणि ७० सेंटिमीटरपेक्षा खोल असतो, भरल्यावर पंचवीस किलोंच्या पुढे जातो. तो लोखंडी कपाटात मावत नाही, केबलवाल्यांच्या भिंतीवरच्या रॅकमध्येही मावत नाही. पोटमाळा ही घरातील सर्वांत गरम जागा असते, म्हणून तिचा विचार सोडून द्यावा.

तयार पेटीचे काय

तिच्याविषयी थोडेच सांगायचे आहे, कारण तिच्यात करण्यासारखेच थोडे असते. डिस्क घालून, ब्राउझरमधून दहा-पंधरा मिनिटांत ती चालू होते. मोबाइलचे फोटो आपोआप येऊन पडतात. घरात संगणकाची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली तरी ती चालत राहते. तिची उणीव म्हणजे कंपनीवरचे अवलंबन. सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मालिकेत दुसऱ्या कंपन्यांच्या डिस्कवर निर्बंध आणले आणि त्याच वर्षी ते मागे घेतले. उद्या काय होईल हे ग्राहकाच्या हातात नाही. पेटीचा बोर्ड गेला तर जिल्ह्याच्या गावी दुरुस्ती होईलच असे नाही, उलट डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय जळगावात किंवा धुळ्यात त्याच दिवशी मिळतो. सुरक्षेच्या बाबतीत एक पथ्य सर्वांनाच लागू आहे: कोणतेही यंत्र राउटरमधून पोर्ट उघडून थेट इंटरनेटवर ठेवू नये. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने क्यूनॅपच्या अशाच उघड्या ठेवलेल्या पेट्या कुलूपबंद केल्या होत्या. बाहेरून पाहायचे असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखी सुरक्षित खासगी जोडणी (व्हीपीएन) वापरावी.

कोणी काय घ्यावे

फक्त घरचे फोटो आणि कागदपत्रे असतील आणि घरात सांभाळणारे कोणी नसेल, तर दोन डिस्कची तयार पेटी घ्यावी. थोडे शिकण्याची तयारी असेल तर जुना डेस्कटॉप, नवा पॉवर सप्लाय, दोन नव्या डिस्क आणि ओपनमीडियाव्हॉल्ट हा संच माझ्या मते इकडच्या बहुतेक घरांना सर्वांत योग्य आहे. तो वीज कमी घेतो, त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात आणि बिघडला तर डिस्क काढून दुसऱ्या डेस्कटॉपला लावता येतात. आठ किंवा अधिक डिस्क लागणाऱ्या स्टुडिओने उभा सर्व्हर पाहावा, आणि तो मिळत नसेल व आवाज चालणारी, खालच्या मजल्यावरची स्वतंत्र खोली असेल तरच रॅक सर्व्हर चोवीस तास चालवावा.

आता तो उपयोग, ज्यात रॅक सर्व्हर खरोखर शोभतो. दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात म्हणजे बॅकअप झाला असे नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते. रोजच्या वापराला डेस्कटॉप किंवा पेटी ठेवावी आणि रॅक सर्व्हरला आठवड्यातून एकदा, पहाटेच्या गारव्यात, दोन-तीन तासांसाठी चालू करून सगळी माहिती त्यावर उतरवून घ्यावी. त्याच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज येताच सुरू होण्याची सोय असते, त्यामुळे भिंतीवरचे बटण दाबणे एवढेच काम उरते. महिन्याला त्याचे जेमतेम दोन युनिट होतात, पंख्यांचा आवाज कोणाची झोप मोडत नाही, मे महिन्याची दुपार त्याला पाहावी लागत नाही, आणि आठवड्याचे उरलेले सगळे दिवस तो विजेपासून व इंटरनेटपासून तुटलेला असल्यामुळे वीज कोसळली किंवा खंडणीखोर प्रोग्राम घरात शिरला तरी ती प्रत सुरक्षित राहते. काम झाल्यावर तो आतून बंद करून मग भिंतीवरचे बटणही बंद करावे, कारण नुसता बंद केलेला सर्व्हर दूरनियंत्रणाच्या चिपसाठी दहा-पंधरा वॉट घेतच राहतो.

असा सर्व्हर विकत घेताना पैसे देण्याआधी तो समोर चालू करून दाखवायला सांगावे. बायोसला जुन्या मालकाचा पासवर्ड नाही ना, दूरनियंत्रणाची व्यवस्था (डेलची आयड्रॅक किंवा एचपीची आयएलओ) कारखान्याच्या स्थितीत आणता येते ना, सर्व पंखे व दोन्ही पॉवर सप्लाय दिसतात ना, रॅमच्या नोंदीत सुधारलेल्या चुकांची रांग लागलेली नाही ना, हे पडद्यावर पाहून घ्यावे. डिस्क बसवायचे रिकामे कॅडी (ट्रे) सगळे बरोबर मागावेत, कारण ते सुटे घ्यायला गेले की उगाच महाग पडतात. रेड कार्डाची बॅटरी फुगली असेल तर ती काढून टाकायला लावावी. आणि सर्व्हर मुंबई-पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येणार असेल तर डिस्क त्यात बसवून पाठवू नयेत. त्या वेगळ्या, फोममध्ये गुंडाळून, सोबत आणाव्यात.